आग्नेय आशियाई यकृतकृमी

आग्नेय आशियाई यकृतकृमी (शास्त्रीय नाव: ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी) हा माणूस, कुत्रा, मांजर आणि इतर मासेखाऊ सस्तन प्राण्यांच्या पित्तनलिकांत राहणारा परजीवी चपटकृमी आहे. गोड्या पाण्यातील कच्चे किंवा अर्धवट शिजवलेले मासे खाल्ल्याने त्याचा संसर्ग होतो. या संसर्गाला ओपिस्थॉर्कियासिस असे म्हणतात. थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनामचा मध्य व दक्षिण भाग येथे तो आढळतो. बाधितांची संख्या सुमारे १ कोटी असल्याचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या कृमीच्या संसर्गाचा समावेश 'मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणारे घटक' या पहिल्या गटात केला. असे स्थान मिळालेले परजीवी मोजकेच आहेत.

शोधाचा इतिहास

१८८६ मध्ये पोआरिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने मासेमार मांजराच्या शरीरात सापडलेल्या या कृमीचे प्रथम वर्णन केले. त्या मांजराच्या शास्त्रीय नावातील 'व्हिव्हेरिनस' या शब्दावरूनच कृमीचे नाव पडले. थायलंडच्या उत्तरेकडील चिआंग माई येथील मानवी शवविच्छेदनांत मिळालेल्या कृमींच्या आधारे ब्रिटिश कृमिशास्त्रज्ञ रॉबर्ट लायपर यांनी १९१५ मध्ये मानवातील संसर्गाची नोंद केली.

त्याचा निकटचा नातेवाईक असलेला चिनी यकृतकृमी (क्लोनॉर्किस सायनेन्सिस) मात्र प्रथम भारतात सापडला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मरण पावलेल्या एका चिनी सुताराच्या पित्तनलिकांत तो जेम्स मॅककॉनेल यांना आढळला. हे वर्णन १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले.

शरीररचना

प्रौढ कृमी पानासारखा चपटा, पातळ आणि जवळजवळ पारदर्शक असतो. त्याची लांबी साधारण ५ ते १० मिलिमीटर आणि रुंदी १ मिलिमीटरच्या आसपास असते. मुखाजवळ एक आणि पोटाच्या बाजूस एक असे दोन चूषक असतात. त्यांच्या साहाय्याने तो पित्तनलिकेच्या अस्तराला चिकटून राहतो. कृमी उभयलिंगी असल्याने नर व मादी असा भेद नसतो. अंडी अतिशय लहान, सुमारे ०.०३ मिलिमीटर लांबीची असून त्यांना एका टोकाला झाकण असते.

जीवनचक्र

या कृमीचे जीवनचक्र तीन पोषकांमधून पूर्ण होते. बाधित माणसाच्या किंवा प्राण्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. पावसाच्या पाण्याबरोबर ती तळी, कालवे व भातखाचरांत पोहोचतात. तेथे बिथिनिया या प्रजातीच्या लहान गोगलगायी ती गिळतात. गोगलगायीच्या शरीरात अंड्यातून मिरासिडियम ही डिंभावस्था बाहेर येते. पुढे स्पोरोसिस्ट व रेडिया या अवस्थांमधून तिची अलैंगिक वाढ होते. त्यामुळे एका अंड्यापासून मोठ्या संख्येने सर्केरिया नावाचे शेपटीयुक्त डिंभ तयार होतात.

सर्केरिया पाण्यात पोहत माशांपर्यंत पोहोचतात. हे मासे सायप्रिनिडी कुलातील असतात. भारतातील रोहू व कटला हे मासेही याच कुलातील आहेत. माशाच्या त्वचेतून आत शिरल्यावर सर्केरियाची शेपटी गळते आणि मांसात किंवा खवल्यांखाली कोशात बंद झालेली मेटासर्केरिया ही संसर्गक्षम अवस्था तयार होते. ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे मासा बाहेरून पूर्णपणे निरोगी वाटतो.

असा मासा कच्चा खाल्ल्यास लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात कोश विरघळतो. मोकळा झालेला कृमी पित्तनलिकेच्या मुखातून वर चढतो व सुमारे चार आठवड्यांत प्रौढ होतो. तो शरीरात दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जगू शकतो.

आहार आणि प्रसार

संसर्गाचे सर्वाधिक प्रमाण थायलंडच्या ईशान्येकडील इसान प्रदेशात आणि लाओसमध्ये आढळते. भातशेती, पूरमैदाने आणि तळ्यांनी व्यापलेल्या या भागात लहान मासे हे प्रथिनांचे स्वस्त व सहज मिळणारे साधन आहे. कच्चा मासा बारीक चिरून त्यात लिंबाचा रस, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड व सुगंधी पाला घालून केलेला 'कोई प्ला' हा पदार्थ तेथे आवडीने खाल्ला जातो. शेतातील सामूहिक काम, सणसमारंभ आणि पाहुण्यांचे आदरातिथ्य यांच्याशी तो जोडलेला असल्याने त्याला केवळ अन्नापलीकडे सामाजिक महत्त्व आहे.

लिंबाच्या रसाने माशाचे मांस पांढरट होऊन शिजल्यासारखे दिसते, तथापि त्यातील मेटासर्केरिया मरत नाहीत. मिरची किंवा सोबत घेतलेले मद्य यांनीही त्या नष्ट होत नाहीत. काही दिवसच आंबवलेला 'प्ला सोम' हा पदार्थही धोकादायक ठरू शकतो. अनेक महिने खारवून मुरवलेल्या 'प्ला रा' मध्ये धोका बराच कमी असतो.

लक्षणे

बहुसंख्य बाधितांना कोणताही त्रास जाणवत नाही. कृमींची संख्या मोठी असल्यास पोटाच्या उजव्या वरच्या भागात दुखणे, पोट फुगणे, अपचन व थकवा अशी लक्षणे दिसतात. दीर्घकालीन संसर्गात यकृत व पित्ताशय यांची वाढ, पित्तनलिकादाह आणि कावीळ होऊ शकते. लक्षणांचा अभाव हीच या रोगाच्या नियंत्रणातील मोठी अडचण आहे; आज खाल्लेला पदार्थ आणि अनेक दशकांनी उद्भवणारा आजार यांचा संबंध खाणाऱ्याच्या अनुभवाला येत नाही.

कर्करोगाशी संबंध

पित्तनलिकेच्या कर्करोगाला कोलँजिओकार्सिनोमा म्हणतात. जगात इतरत्र दुर्मीळ असलेल्या या कर्करोगाचे सर्वाधिक प्रमाण ईशान्य थायलंडमध्ये, विशेषतः खोन केन प्रांतात नोंदले गेले आहे. त्यामागे अनेक कारणे एकत्र काम करतात. चूषकांमुळे पित्तनलिकेच्या अस्तराला सतत जखमा होतात. कृमीने स्रवलेली काही प्रथिने पेशींच्या विभाजनाला चालना देतात. दीर्घकाळच्या दाहात तयार होणाऱ्या रसायनांमुळे पेशींतील डीएनएची हानी होते. आंबवलेल्या व खारवलेल्या अन्नातील नायट्रोसमाइन संयुगे या प्रक्रियेत भर घालतात. कृमिसंसर्ग आणि नायट्रोसमाइन एकत्र दिल्यास हॅमस्टरमध्ये हा कर्करोग होतो, हे १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

हा कर्करोग बहुधा पन्नाशीनंतर आणि पुरुषांमध्ये अधिक आढळतो. निदान उशिरा होत असल्याने शस्त्रक्रियेने बरे होण्याची संधी थोड्याच रुग्णांना मिळते.

निदान व उपचार

विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून अंडी शोधणे ही निदानाची प्रचलित पद्धत आहे. आतड्यातील काही लहान पर्णकृमींची अंडी तशीच दिसत असल्याने तपासणीस अनुभव लागतो. पित्तनलिकांतील बदल अल्ट्रासाऊंडने दिसतात.

प्राझिक्वांटेल हे उपचाराचे मुख्य औषध आहे. सामूहिक मोहिमांत शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे ४० मिलिग्रॅम अशी एकच मात्रा दिली जाते. औषधाने कृमी मरतात, परंतु प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. पुन्हा कच्चा मासा खाल्ल्यास पुन्हा संसर्ग होतो. 'त्रास झाला तर गोळी घेऊ' या समजुतीमुळे काही लोक कच्चा मासा खाणे सुरूच ठेवतात. वारंवार संसर्गाने झालेली पित्तनलिकेची हानी गोळीने पूर्णपणे भरून येत नाही.

प्रतिबंध

मासा आतपर्यंत पूर्ण शिजवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. मासा कच्चा खायचाच असल्यास तो आधी उणे २० अंश सेल्सिअस तापमानात सात दिवस गोठवण्याची शिफारस केली जाते. शौचालयांचा वापर केल्याने अंडी पाण्यात जाणे थांबते. कुत्री व मांजरे हीदेखील कृमीचे वाहक असल्याने त्यांना कच्च्या माशांचे अवशेष देऊ नयेत.

थायलंडमधील नियंत्रण कार्यक्रम

थायलंडमध्ये १९८० च्या दशकापासून विष्ठातपासणी, प्राझिक्वांटेल आणि आरोग्यशिक्षण यांवर आधारित कार्यक्रम राबवण्यात आला. ईशान्येकडील संसर्गाचे प्रमाण त्या दशकाच्या प्रारंभी सुमारे ३५ टक्के होते. २००९ च्या राष्ट्रीय पाहणीत ते सुमारे १७ टक्के आढळले.

केवळ औषधांवर विसंबून हे प्रमाण आणखी खाली येत नाही, या अनुभवातून खोन केन प्रांतातील लावा तलावाच्या परिसरात 'लावा प्रकल्प' सुरू झाला. त्यात माणसांवरील उपचारांबरोबर कुत्र्या-मांजरांवरील उपचार, गोगलगायी व माशांची तपासणी, शाळांतील शिक्षण आणि गावातील आरोग्य स्वयंसेवकांचा सहभाग यांची सांगड घालण्यात आली. आरंभी सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास असलेले संसर्गाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आले आणि काही गावांत ते १० टक्क्यांच्याही खाली गेले.

भारतातील स्थिती

भारतात या कृमीचा मानवी संसर्ग ही सार्वजनिक आरोग्याची समस्या नाही. महाराष्ट्र व गोव्यात मासे प्रामुख्याने कालवण, आमटी किंवा तळून खाल्ले जातात आणि त्या उष्णतेत मेटासर्केरिया जिवंत राहत नाहीत. बाधित देशांत प्रवास वा वास्तव्य करताना गोड्या पाण्यातील कच्च्या माशांचे पदार्थ टाळणे मात्र आवश्यक ठरते.