बंडी आणि दमणी एकाच चौकटीवर

राजुऱ्याच्या बाजूस बऱ्या स्थितींतील शेतकऱ्याच्या घरीं पूर्वी दोन तऱ्हेच्या गाड्या असत. माल व खत वाहण्यास बंडी, आणि माणसांना, विशेषतः लेकीबाळींना, परगांवीं पोंचविण्यास दमणी. बंडी दणकट, पण तिच्यांत बसणाराचीं हाडें खिळखिळीं होत; दमणी हलकी व सुखाची, पण तिच्यावर चार पोतीं टाकण्याचें धाडस कोणी करीत नसे. ओझें वाहणें निराळें आणि माणसाला सुखानें नेणें निराळें, असा त्या काळचा सरळ हिशेब होता. आज जिला मोठी आलिशान एसयूव्ही म्हणतात, त्या मोटारीनें हा हिशेब मोडला. हें तिला कसें साधलें, आणि कोठें साधलें नाहीं, हें जाणून घेतलेलें बरें. कारण एक-दोन कोटी रुपयांच्या घरांत जाणारी ही वस्तु पुष्कळ कुटुंबें केवळ तिची उंची व भारदस्तपणा पाहून निवडतात.

हिचें कूळ मात्र श्रीमंताचें नव्हे. अमेरिकेंत १९३५ सालीं शेव्हरोले कंपनीनें हलक्या मालमोटारीच्या चौकटीवर आठ माणसांची बंद गाडी बसविली व तिला सबर्बन हें नांव दिलें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, विलीस कंपनीची जीप सैन्यांत आली. साठ अश्वशक्तीचें इंजिन, अकराशें किलोंच्या आसपास वजन, दार नाहीं, गादी नांवापुरती. युद्ध संपल्यावर १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र मंडळींनीं हीच जीप सुट्या भागांच्या रूपानें आणवून मुंबईंत जोडण्यास आरंभ केला. पुढें वनखातें, पोलीस, तहसीलदार, सर्वांच्या फिरतीवर जीप हेंच वाहन झालें.

जीपची खुबी तिच्या जादा दांड्यांत होती. एका दांडीनें इंजिनाची शक्ति मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाहि मिळे. दुसरीनें चाकांचा वेग उतरून तितक्याच प्रमाणांत त्यांचा जोर वाढे. चढावर बंडी अडली कीं बैलांची दुसरी जोडी पुढें जुंपतात. गति वाढत नाहीं, ओढ वाढते. दांडीचें काम तेंच. चिखलांत एक चाक जागच्या जागीं फिरूं लागलें तरी इतर चाकें जमीन धरून गाडी बाहेर काढतात.

हिला दमणीचें सुख देण्याचा प्रयत्न १९६२ च्या अखेरीस आलेल्या जीप वॅगोनीयरनें केला. तिच्यांत आपोआप गिअर बदलणारी पेटीहि मिळे. पण खरें वळण लागलें तें इंग्लंडांत, १९७० सालीं. रोव्हर कंपनीची लँड रोव्हर ही शेतीकामाची गाडी १९४८ पासून प्रसिद्ध होतीच. तिचे अभियंते चार्ल्स स्पेन्सर किंग यांनीं रेंज रोव्हर नांवाची नवी गाडी सिद्ध केली. जुन्या गाडीला मालमोटारीसारखे लोखंडी पाटे होते. पाट्यांना स्वतःचें वजन फार, आणि एकमेकांवर घासत असल्यामुळें ते लहान धक्क्याला दबत नाहींत. तो धक्का सरळ पाठीच्या कण्यापर्यंत जातो. किंग यांनीं पाट्यांच्या जागीं लांब वेटोळ्यांच्या स्प्रिंगा घातल्या. चाक खड्ड्यांत उतरे, वर येई, पण बसणारा फारसा हालत नसे. साडेतीन लिटरचें आठ नळकांड्यांचें ॲल्युमिनियमचें इंजिन, नेहमीच चालणारीं चारी चाकें आणि चारी चाकांना तबकडीचे ब्रेक, ही तिची सामग्री. गंमत अशी कीं, या गाडीची बैठक त्या वेळीं मुळींच राजेशाही नव्हती. आंतली जमीन पाण्याच्या नळीनें धुवून काढतां यावी अशी योजना होती! चामड्याच्या गाद्या आणि लाकडी नक्षी पुढें गिऱ्हाइकाच्या मागणीनें आली. मागच्या बाजूस स्वतंत्र दारें मिळण्यास सुद्धां १९८१ साल उजाडलें.

त्यानंतरच्या सुधारणांत हवेची स्प्रिंग महत्त्वाची. रबरी पिशवींत दाबलेली हवा भरून तिच्यावर गाडीचें वजन तोलतात. हवा वाढविली कीं गाडी उंच होऊन दगडधोंड्यांवरून जाते. कमी केली कीं खालीं बसते आणि वृद्धांना चढणें सोपें होतें. पूर्वी लोखंडी चौकट निराळी आणि वरचा सांगाडा निराळा असे. आतां बहुतेक आलिशान गाड्यांत दोन्ही एकजीव असतात. २०१२ च्या रेंज रोव्हरमध्यें हा सांगाडा संपूर्ण ॲल्युमिनियमचा झाला व वजन कित्येक शें किलोंनीं उतरलें. २०२१ च्या आवृत्तींत मागचीं चाकें सुद्धां थोडीं वळतात, त्यामुळें पांच मीटरांहून लांब अशी ही गाडी अरुंद जागेंत फिरवितां येते.

या कुळाची महाराष्ट्रांतील शाखा पुण्याची. टाटांनीं १९९८ सालीं सफारी बाजारांत आणली. २००८ मध्यें त्याच टाटा मोटर्सनें जॅग्वार व लँड रोव्हर या कंपन्या फोर्डकडून २३० कोटी डॉलरांस विकत घेतल्या. आणि २०२४ पासून खुद्द रेंज रोव्हर पुण्यांत जोडली जाऊं लागली. इंग्लंडांतील सोलिहल सोडून ती अन्यत्र बनण्याची ती पहिलीच वेळ. २०२१ च्या नव्या सफारीचा सांगाडा लँड रोव्हरच्याच एका सांगाड्यावरून घेतलेला आहे. मात्र इंजिनाची शक्ति फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. म्हणजे रूप बंडीचें, स्वभाव दमणीचा! शहरांतील गिऱ्हाइकाला चारी चाकांची गरज क्वचितच पडते, हें कंपनीनें बरोबर ओळखलें.

आतां ही गाडी राजुऱ्याच्या रस्त्यावर आणून पाहावी. आसपास सास्तीसारख्या कोळशाच्या खाणी, पलीकडे गडचांदूरचा सिमेंटचा कारखाना. जड मालमोटारींची रीघ आणि खालीं काळी माती. पावसाळ्यांत ही माती साबणासारखी होते. येथें चारी चाकांचा उपयोग निःसंशय आहे. पण तीं चाकें गाडीला *निघण्यास* मदत करतात, *थांबण्यास* नव्हे. ब्रेक तर साध्या मोटारीलाहि चारी चाकांवर असतातच. अडीच टनांची गाडी ताशीं ऐशी किलोमीटर वेगानें धांवत असतां तिच्यांत सांठलेली ऊर्जा, त्याच वेगाच्या सव्वा टनी मोटारीच्या दुप्पट असते. आंत आवाज नाहीं, हादरा नाहीं. त्यामुळें ऐशीचा वेग चाळीससारखा वाटतो. सुखाचा हा सर्वांत मोठा धोका होय.

उंचीचेंहि तसेंच. उंच बसल्यानें दूरचें दिसतें, जवळचें दिसत नाहीं. दारांत खेळणारें मूल अगदीं पुढच्या नाकाशीं असेल तर चालकाला तें दिसणार नाहीं. अमेरिकेंतील महामार्ग-सुरक्षेच्या विमासंस्थेनें २०२३ मध्यें दाखविलें कीं, चाळीस इंचांहून उंच नाकाच्या गाडीची धडक ठेंगण्या, उतरत्या नाकाच्या मोटारीपेक्षां पादचाऱ्याला मारक ठरण्याचा संभव सुमारें ४५ टक्क्यांनीं अधिक असतो. ठेंगणी मोटार पायांना लागते. उंच गाडी छातीला व डोक्याला.

वर्धेला मोठा पूर आला म्हणजे राजुरा-बल्लारपूर वाहतूक अडते. ९०० मिलिमीटर पाण्यांतून जाण्याची क्षमता आहे, असें रेंज रोव्हरविषयीं कंपनी सांगते. परंतु तें पाणी संथ आणि तळ माहीत असेल तरच. वाहतें पाणी बाजूनें रेटतें, शिवाय बंद गाडीला वर उचलतें. चाकांवरचा भार गेला कीं चारी चाकें असून नसून सारखींच.

शेवटीं चाकांकडे पाहावें. जीपचें चाक सोळा इंची, वर जाड रबर. आतां शोभेसाठीं बावीस-तेवीस इंचांचीं चाकें बसवितात. रबराची जाडी तेवढी घटते. खाणीच्या वाटेवरच्या धारदार खड्ड्यांत असा टायर दबून धातूची कड वाकते, आणि त्या मापाचा टायर तालुक्याच्या गांवीं सहसा मिळत नाहीं. त्याच गाडीला लहान चाकें व जाड रबर घेण्याची सोय बहुधा असते. दुकानदार ती आपण होऊन सांगत नाहीं, विचारावी लागते.