घर बांधणाऱ्याचा कर परत मिळतो काय ?

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आमच्या आजीच्या तोंडीं नेहमी असे. घरांतील तीन लग्नें आम्हीं पार पाडलीं. परंतु घर बांधण्याचा योग मात्र साठी उलटल्यावर आला. पनवेलीस वडिलार्जित वाड्याच्या मागें मोकळी जागा होती. वाडा तर प्रत्येक पावसाळ्यागणिक खचत चाललेला. तेव्हां त्या जागेंत आम्ही व आमचे धाकटे बंधु अशा दोघांच्या कुटुंबांसाठीं बेताचें एक घर उठवावें, असें सर्वानुमतें ठरलें. आमच्या निवृत्तिवेतनांतील शिल्लक, चिरंजिवांनीं काढलेलें कर्ज आणि बंधूंनीं दुकानांतून बाजूस टाकलेले पैसे अशी तिहेरी मोट बांधून २०२५ च्या दिवाळीनंतर कामास आरंभ झाला. जन्मभर मुलांचे हिशेब तपासले म्हणून कीं काय, जमाखर्चाची वही अर्थातच आमच्या हातीं आली.

या वहींत आम्हीं एक रकाना कराचा ठेवला होता. लोखंड, सिमेंट, फरशी, रंग, विजेच्या तारा, ज्या ज्या वस्तूचें बिल यावें तिच्याखालीं शेंकडा १८ ची ओळ असावयाचीच. सिमेंटवर तर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत शेंकडा २८ कर होता. तो दुसऱ्या दिवसापासून १८ वर आला, हें आमचें भाग्यच म्हणावयाचें. तरीहि वीस लाखांचा माल घेतला म्हणजे तीन लाख साठ हजार रुपये निव्वळ कराचे होतात. शिक्षकाच्या घरांत ही रक्कम लहान नव्हे.

अशांत इंग्लंडांत स्थायिक झालेल्या आमच्या भाच्याचा फोन आला. त्यानेंहि तिकडे स्वतःचें घर बांधलें असून, बांधकामाच्या सामानावर भरलेला कर सरकारनें त्यास परत दिला, असें त्यानें सहज सांगितलें. झालें ! घरांत एकच चर्चा सुरू झाली. आमचे बंधु म्हणाले, “दादा, तिकडे मिळतो तर इथें कां मिळूं नये ? आणि सरळ मिळत नसेल तर माझ्या दुकानाला जीएसटी नंबर आहेच. बिलें दुकानाच्या नांवावर घेऊं, वजावट आपोआप मिळेल. तुम्ही फक्त हो म्हणा.” आम्हीं हो म्हटलें नाहीं, परंतु नाहींहि म्हटलें नाहीं, ही कबुली वाचकांस प्रांजळपणें देतों. तीन लाख साठ हजारांचा मोह मोठा असतो.

आमचा एक जुना विद्यार्थी आतां कर-सल्लागार आहे. दुसऱ्या दिवशीं वही घेऊन आम्ही दोघे बंधु त्याच्याकडे गेलों. त्यानें आम्हांस बसवून घेतलें आणि पूर्वीं आम्हीं त्याला संधि समजावून सांगत असूं तितक्याच सावकाशीनें विषय समजावून दिला. त्याचें सार असें :

हा कर कोणताहि व्यापारी स्वतःच्या खिशांतून कायमचा भरीत नाहीं. माल घेतांना त्यानें दिलेला कर, माल विकतांना घेतलेल्या करांतून तो वजा करतो आणि उरलेला सरकारांत भरतो. अशी ही सांखळी कारखान्यापासून दुकानापर्यंत येते आणि वस्तु वापरणाऱ्याच्या दाराशीं संपते. घर बांधणारा गृहस्थ पुढें कांहीं विकीत नाहीं. म्हणून सगळा भार शेवटीं त्याच्यावर राहतो. मुंबई प्रांतांत विक्रीकर १९४६ सालीं आला, महाराष्ट्रांत १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. परंतु स्वतःच्या राहत्या घरासाठीं सामान घेणाऱ्यास तो कर परत देण्याची सोय आजच्या कायद्यांत नाहीं.

मग इंग्लंडांतील सरकारच तेवढें उदार काय ? आमच्या विद्यार्थ्यानें यावर हंसून सांगितलें, “सर, तें औदार्य नव्हे, हिशेब आहे.” त्या देशांत नवें घर विकतांना त्यावर शून्य दरानें कर लागतो. त्यामुळें घरें बांधून विकणारा धंदेवाईक सामानावरील सगळा कर परत मिळवितो. स्वतःचें घर स्वतः बांधणारा मात्र व्यापारी नसल्यामुळें मागें राहिला असता. त्यास धंदेवाइकाच्या बरोबरीस आणण्यासाठीं १९९४ च्या कायद्याच्या ३५ व्या कलमानें ही सवलत दिली आहे. तिलाहि मर्यादा आहेत. घर पुरें झाल्यावर एकदांच मागणी करावयाची, व ती सहा महिन्यांच्या आंत. ५ डिसेंबर २०२३ पूर्वीं ही मुदत तीनच महिन्यांची होती. वास्तुशिल्पज्ञाचें शुल्क, अवजारांचें भाडें, गालिचे, सुटें लांकडी सामान यांवरील कर तेथेंहि परत मिळत नाहीं. उलट आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून विक्रीसाठीं सदनिका बांधणाऱ्यांसहि नव्या पद्धतींत सामानावरील कराची वजावट बंद झाली आहे. बरोबरीस आणावयाचें कोणास आणि कोणाच्या, हा प्रश्नच येथें उरत नाहीं.

बंधूंच्या युक्तीवर त्याचें उत्तर याहून स्पष्ट होतें. “काका, बिल दुकानाच्या नांवाचें आणि सिमेंट घराच्या पायांत, याला खोटा हिशेब म्हणतात. शिवाय कायद्याचें कलम १७(५) असें आहे कीं, तुम्ही दुकानासाठीं स्वतःची इमारत बांधलीत तरीहि त्या सिमेंट-लोखंडाची वजावट मिळत नाहीं. म्हणजे खोटें करूनहि हक्क उत्पन्न होत नाहीं. उद्यां तपासणी झाली तर घेतलेली वजावट परत, तिच्यावर व्याज आणि वर दंड. आणि दुकान चालतें तें तुमच्या नांवावर, दादांच्या नव्हे.” परततांना बंधु रस्ताभर एक शब्द बोलले नाहींत. आम्हांसहि बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. कारण चूक त्यांनीं बोलून दाखविली एवढेंच, मनांत तर ती दोघांच्याहि होती.

मग गृहस्थाच्या हातीं कांहींच नाहीं काय ? आहे ; पण तें कामास आरंभ करण्यापूर्वींचें आहे, नंतरचें नव्हे. मालासकट सगळें काम ठेकेदारास दिल्यास त्याच्या संपूर्ण बिलावर शेंकडा १८ कर लागतो. परंतु माल आपण आणून केवळ मजुरीचा ठेका दिल्यास, आणि तें एका कुटुंबाचें एकच स्वतंत्र घर असल्यास, त्या मजुरीवर कर माफ आहे. येथें एकत्र कुटुंबांनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. सवलत ‘एका’ घरास आहे. आमच्या नकाशांत स्वयंपाकघर एकच असल्यामुळें अडचण आली नाहीं. परंतु खालीं एका भावाचें व वर दुसऱ्याचें अशीं दोन स्वयंपूर्ण बिऱ्हाडें काढावयाचीं असतील, तर ती सवलत हातची जाण्याचा संभव आहे. ठेक्याचा कागद करण्यापूर्वीं जाणत्यास अवश्य विचारावें.

सदनिका घेणाऱ्यांसाठीं नियम निराळे आहेत. बांधकाम चालूं असतां घेतलेल्या सदनिकेवर शेंकडा ५ कर आहे. किंमत ४५ लाखांच्या आंत आणि चटई क्षेत्र मर्यादेंत असल्यास शेंकडा १. ही मर्यादा मुंबई महानगर प्रदेशांत ६० चौरस मीटर व महानगरांबाहेर ९० चौरस मीटर आहे. पनवेल त्या प्रदेशांत मोडत असल्यामुळें आमच्याकडील लोकांस ६० चाच नियम लागतो. रत्नागिरीच्या आप्ताचें उदाहरण येथें चालत नाहीं. इमारत पुरी झाल्याचा दाखला मिळाल्यावर जो सगळीच रक्कम देतो, त्याच्यावर हा कर मुळींच नाहीं.

आणि भरलेला कर खरोखर परत मिळतो असा एक प्रसंग आहे, तो बहुतेकांस ठाऊक नसतो. आमच्या साडूंच्या चिरंजिवांनीं एका गृहसंकुलांत सदनिका नोंदविली होती. काम रेंगाळलें म्हणून करार रद्द झाला. विकणाऱ्यानें किंमत परत केली, परंतु कर ‘सरकारांत गेला’ म्हणून हात वर केले. डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकानें अशा, नोंदणी नसलेल्या ग्राहकासहि परताव्याची वाट मोकळी केली आहे. विकणाऱ्याची हिशेब दुरुस्त करण्याची मुदत शिल्लक असेल, तर त्यानेंच कर परत द्यावयाचा. ती मुदत संपली असेल तर ग्राहकानें आपल्या पॅन क्रमांकावर तात्पुरती नोंदणी करून स्वतः अर्ज करावयाचा. करार रद्द झाल्याच्या पत्रापासून दोन वर्षांच्या आंत अर्ज गेला पाहिजे. विकणाऱ्याचें प्रमाणपत्र जोडावें लागतें. व किंमत जितकी परत मिळाली तितक्याच प्रमाणांत कर मिळतो. चिरंजिवांनीं दीड वर्ष नुसतें त्रासून घालविलें होतें. आम्हीं त्यांस आमच्या विद्यार्थ्याकडे पाठविलें, आणि मुदतीच्या आंत अर्ज जाऊन पैसे आले.

राजानें कर घ्यावा तो सूर्यानें जल घ्यावें तसा, पुन्हां पाऊस होऊन परत येण्यासाठीं, असें आपल्या जुन्या कवींनीं मानिलें. आमच्या मतें आयुष्यांतील पहिलें लहानसें घर बांधणाऱ्यास सामानावरील करांतून कांहीं अंश परत देणें सरकारास अशक्य नाहीं. कॅनडासारख्या देशांत ठराविक किंमतीखालील नव्या घरास अशी अंशतः सूट आहे, व ती स्वतः बांधणाऱ्यासहि मिळते. ही मागणी उघडपणें करण्यांत कांहीं गैर नाहीं. चोरवाटेनें ती वसूल करण्यांत मात्र आहे.

आमच्या घराची वास्तुशांति यथासांग झाली. सगळीं बिलें आमच्या नांवावर, तारीखवार, आजीच्या पत्र्याच्या डब्यांत ठेविलीं आहेत. कर परत आला नाहीं तरी पावत्या फुकट नाहींत. पुढेंमागें घर विकण्याचा प्रसंग आल्यास करासुद्धां भरलेली सगळी रक्कम बांधकामाचा खर्च म्हणून दाखवितां येते, आणि नफ्यावरील प्राप्तिकर त्या मानानें कमी होतो. तो प्रसंग येऊं नये हीच इच्छा. डब्यास कुलूप आमच्या बंधूंनीं स्वतः आणून लावलें, व किल्ली आमच्या हातीं देत म्हणाले, “दादा, उद्यां कोणी विचारलें तर डबा उघडून दाखवूं.”