फेरफारातली घराणी

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटला की मराठी माणूस आधी कुलवृत्तांत हुडकतो, नाहीतर त्र्यंबकेश्वरला जाऊन उपाध्यायांची वही उघडायला लावतो. दोन्ही साधने मोलाचीच आहेत. पण सामान्य शेतकरी घराण्याचा सर्वांत भरवशाचा इतिहास तलाठ्याच्या दप्तरात, ‘फेरफार’ या रुक्ष नावाखाली पडून आहे, असे माझे मत आहे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीच्या हक्कनोंदणीची पद्धत आली. तेव्हापासून धारक मयत झाला, भावांत वाटणी झाली, जमीन विकली किंवा गहाण पडली, की त्याची नोंद फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, होऊ लागली. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, मृत्यूची तारीख, मागे राहिलेले वारस आणि त्यांचे नाते एवढे सारे चार ओळींत येते. अशा नोंदी एकापुढे एक ठेवल्या की चार-पाच पिढ्या उभ्या राहतात.

कुलवृत्तांतापेक्षा यावर अधिक विश्वास का ठेवायचा? कुलवृत्तांत म्हणजे घराण्याने स्वतःविषयी दिलेली माहिती. तिथे मूळपुरुष पराक्रमी असतो, कर्जबाजारी चुलता गळतो आणि मुली लग्नानंतर नाहीशा होतात. फेरफाराची नोंद मात्र चारचौघांत होते. तलाठी हितसंबंधीयांना नोटीस देतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, हरकत आली तर सुनावणी होते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. खोटा वारस घुसला तर पहिली ओरड भाऊबंदांचीच होणार. ज्या भाऊबंदकीने घरे मोडली, तिनेच या कागदावर पहारा केला आहे. म्हणूनच वाचणाऱ्याने वादाच्या नोंदी टाळू नयेत. हरकत घेणाऱ्याचा जबाब हाच पुष्कळदा विसरलेल्या शाखेचा एकमेव पुरावा असतो.

या नोंदींची स्वतःची लघुलिपी आहे. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे त्याच्यामागे नोंद न झालेले भाऊ असण्याचा संभव आहे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि ही जागा बहुधा विधवा आईची. जिचे नाव कुठल्याही वंशवृक्षात सापडत नाही अशी बाई इथे मुलांच्या वतीने जमीन सांभाळताना दिसते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावे येतात, आणि पाठोपाठ त्यांची हक्कसोडपत्रेही. त्यांनी हक्क सोडला हे खरे, पण त्या कागदामुळे त्यांची सासरची नावे आणि गावे कळतात.

शोध आजच्या सातबाऱ्यापासून उलटा करायचा. नावाजवळ फेरफार क्रमांक असतो, तो फेरफार काढला की त्याआधीचा धारक कळतो. जमिनीचे एकत्रीकरण झालेल्या गावात वाट अडते, कारण सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तिथे एकत्रीकरणाचा उतारा मिळवावा लागतो. काही जुने सातबारे आणि फेरफार आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, बाकीच्यांसाठी तहसीलचा अभिलेख कक्ष गाठावा लागतो. १९०३ च्या मागे जायचे तर पुण्याचे पुरालेखागार आहे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने हक्काचे पुरावे मागितले तेव्हा इनामदारांना वंशावळी दाखवाव्या लागल्या. ते कागद बहुतांश मोडीत आहेत आणि जुन्या कागदांवरचा काळ सुहूर सनात असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की, जमीन नव्हती त्यांचे काय? आक्षेप बरोबर आहे, आणि तो पूर्णपणे खोडता येत नाही. भूमिहीन मजुराचे नाव फेरफारात सहसा नाही. पण गावकामगारांच्या वतनाच्या नोंदी आहेत. १८७४ च्या वतन कायद्याखाली महार वतनदारांच्या जमिनींचे कागद झाले, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने संपताना पुन्हा झाले. त्याशिवाय कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर यांत जमिनीची अट नाही. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध झाला तेव्हा हेच महसुली आणि शाळेचे कागद तपासले गेले. त्या शोधाच्या राजकारणावर मतभेद असोत, जुने दप्तर किती कामाचे आहे हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरा आक्षेप खोट्या नोंदींचा. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यातून सुटण्यासाठी कागदोपत्री वाटण्या झाल्या, हे उघड गुपित आहे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कूळ मालक झाले, त्याआधी जागोजागी कुळांकडून राजीनामेही घेतले गेले. त्यामुळे एका फेरफारावर कधीच विसंबू नये. वाटणीची तारीख कायद्याच्या तारखेजवळ असेल तर शंका घ्यावी आणि पीकपाहणीत प्रत्यक्ष वहिवाट कोणाची ते पाहावे. मात्र वाटणी खोटी असली तरी ज्यांच्या नावे ती दाखवली ती माणसे बहुधा खरीच असतात, आणि घराण्याच्या शोधात आपल्याला माणसेच हवी असतात.

तेव्हा एक विनंती. घरात वारसनोंदीची वेळ येईल तेव्हा अर्ज घाईत उरकू नका. आईचे पूर्ण नाव, सगळ्या बहिणींची नावे, त्यांची सासरची आडनावे आणि गावे लिहायला लावा, आणि प्रमाणित फेरफाराची नक्कल घरी जपून ठेवा.