सहरीच्या घाईतला तवा

रमजानच्या पहाटे घराघरांत गॅस पेटतो. सहरी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचे जेवण, वेळेत उरकायचे असते. डोळ्यांवर झोप, त्यात मुलांना उठवायचे. तवा मोठ्या आचेवर ठेवून घरातली बाई दुसऱ्या कामाला वळते. तवा लोखंडी असेल तर फार तर धूर होतो. नॉनस्टिक असेल तर ही चार-पाच मिनिटेच धोक्याची.

या तव्यावरचा थर बहुधा पीटीएफई या प्लास्टिकचा असतो. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना तो योगायोगानेच सापडला. टेफ्लॉन हे त्याचे बाजारातले नाव. साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत हा थर टिकतो. घावन किंवा भाजी शिजत असेल तर त्यातले पाणी तव्याला फार तापू देत नाही. रिकामा तवा मात्र मोठ्या आचेवर बघता बघता ही मर्यादा ओलांडतो. साडेतीनशेच्या पुढे थर झपाट्याने विघटित होऊन विषारी वायू सुटतात. माणसाला फ्लूसारखा ताप, थंडी, खोकला येतो. तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. पक्ष्यांची फुफ्फुसे नाजूक. स्वयंपाकघरात टांगलेल्या पिंजऱ्यातले लव्हबर्ड्स याच वायूने काही मिनिटांत दगावू शकतात.

लोकांना भीती वाटते ती ओरखड्यांची. थराची कपची पोटात गेली तरी ती पचत नाही, तशीच बाहेर पडते. तरीही थर निघालेला तवा बदललेला बरा. त्यावर पदार्थ चिकटतो आणि तो घेण्याचा हेतूच संपतो.

मोठा प्रश्न होता पीएफओए या रसायनाचा. थर बनवताना ते वापरले जाई. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्याजवळ ते लोकांच्या पिण्याच्या पाण्यात उतरले आणि २००१ पासून कोर्टकज्जे झाले. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणारे ठरवले. आता खोक्यावर ‘पीएफओए-फ्री’ छापलेले असते. ते कारखान्यातल्या रसायनाबद्दल आहे. असा तवा रिकामा तापवायला चालतो, असा त्याचा अर्थ नाही, आणि गल्लत नेमकी इथेच होते.

भाकरी कोरड्या तव्यावर, कडक आचेवर भाजतात. तिला लोखंडी किंवा मातीचाच तवा हवा. इफ्तारच्या भज्यांनाही लोखंडी कढई बरी. नॉनस्टिक ठेवावा घावन, आंबोळी, आम्लेटसाठी: आधी तेल, मग मध्यम आच, लाकडी उलथने. आणि पिंजरा रमजानभर तरी गॅलरीत.