खोक्यातला ओरिनोको

खोकं फोडण्याआधी शेडमधले दिवे घालवतात. थर्मोकोलच्या त्या खोक्यातले मासे दोनेक दिवस अंधारात असतात. एकदम ट्यूबलाइटचा उजेड पडला की बिथरतात आणि पिशवीतल्या पिशवीत उसळ्या मारून पंख फाडून घेतात. म्हणून कपाळाला बॅटरी, तिच्या काचेवर लाल जिलेटिनचा तुकडा, आणि बोलणंही दबक्या आवाजात. पुण्याजवळच्या ज्या आयातदारांकडे मी हे काम बघायला जातो, त्यांच्याकडे खोकं फोडताना ज्याचा मोबाइल वाजेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा असा दंडक आहे.

या खोक्यात अल्टम आहेत. दुकानात मिळणारा एंजल मासा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो पिढ्यान्‌पिढ्या काचेच्या टाक्यांत वाढलेला, नळाच्या पाण्याला आणि सुक्या दाण्यांना सरावलेला. अल्टम त्याचा नदीतला भाऊबंद. अंगानं उंच, तोंडाच्या वर कपाळाला ठसठशीत खळगा, रुपेरी अंगावर उभे तपकिरी पट्टे. पूर्ण वाढला की वरच्या पंखाच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत फूटभर भरतो. पेलग्रँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९०३ साली त्याची नोंद केली, पण टाकीत त्याची वीण अजूनही थोड्याच लोकांना जमली आहे. त्यामुळे बाजारात दिसणारा अल्टम बहुतेक वेळा थेट नदीतून उचललेलाच असतो. हौशी मंडळींच्या बोलीत, ‘वाइल्ड’.

ती नदी म्हणजे ओरिनोकोच्या वरच्या अंगाच्या उपनद्या: अताबापो, इनिरिदा, व्हेंतुआरी. कोलंबियाच्या पूर्व टोकाला इनिरिदा नावाचंच गाव आहे. देशाच्या बाकी भागातून तिथे रस्ता जात नाही. विमानानं जा, नाही तर नदीनं. तिथले मासेमार रात्री होडीतून, बॅटरीच्या उजेडात, बुडालेल्या फांद्यांमध्ये स्तब्ध उभे असलेले अल्टम हातजाळ्यानं उचलतात. मग विमानानं बोगोता, तिथल्या व्यापाऱ्याच्या टाकीत काही दिवस, आणि मग एक-दोन विमानं बदलून मुंबई. निघण्याआधी दोन-तीन दिवस त्यांना उपाशी ठेवतात, म्हणजे वाटेत पिशवीतलं पाणी कमी घाण होतं. उंच माशाला पिशवीही उंच लागते, एकात एक घातलेली दुहेरी. पिशवीचे खालचे कोपरे दुमडून चिकटपट्टी लावलेली असते, कारण टोकदार कोपऱ्यात अडकून मासा चेमटतो. ही पट्टी कशी लावली आहे यावरून पलीकडचा माणूस किती मुरलेला आहे ते कळतं, असं आमचे आयातदार म्हणतात. मला ते पटलं आहे.

एक पिशवी त्यांनी लाल उजेडात धरली. तळाशी पाणी, वर दुप्पट-तिप्पट जागा ऑक्सिजननं फुगलेली. आतला मासा हाताच्या तळव्यात मावेल एवढा, पट्टे पुसट, रंग विटलेला. कल्ले भराभर हलत होते, पण तो उभा होता. आडवा झालेला मासा असेल तर पिशवी न उघडता फोटो काढायचा. भरपाईचा दावा त्या फोटोवरच ठरतो.

आता गाठ सोडायची. अशा माशांचा खरा घात इथे होतो. पिशवीत मासा श्वास घेत राहतो, कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पाणी आम्ल होत जातं. त्याच वेळी कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडत असतो. आम्ल पाण्यात तो बहुतेक अमोनियमच्या रूपात राहतो आणि त्या रूपात माशाला फारसा जाचत नाही. म्हणजे बंद पिशवीतलं पाणी घाण असतं, पण विषारी नसतं. गाठ सुटली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर सरकतो आणि तेच अमोनियम पुन्हा जहाल अमोनिया होतं. पंचवीस अंश तापमानाला, पीएच ६ असताना त्यातला विषारी भाग हजारात एकाहूनही कमी. ७ ला हजारात पाच-सहा. ८ ला शंभरात पाच. पीएचचा एक आकडा चढला की विष दसपट. दोन दिवसांचा प्रवास तगून आलेला मासा मुक्कामाला पोचून दहा मिनिटांत मरतो, तो यामुळे.

दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशासाठी पिशवी उघडी ठेवून तिच्यात टाकीचं पाणी थेंब थेंब सोडतात. इतक्या लांबून आलेल्या पिशवीला तो सोपस्कार घातक. इथे बंद पिशव्या टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या जातात, आतलं-बाहेरचं तापमान एक होईपर्यंत. तोवर पहिली पिशवी फोडून मोजमाप होतं: पीएच किती, टीडीएस (विरघळलेले क्षार) किती. टाकीचं पाणी आदल्या दिवशीच त्या अंदाजानं आम्ल आणि हलकं करून ठेवलेलं असतं. मग गाठी भराभर सुटतात, मासा वाडग्यानं उचलून टाकीत जातो, पिशवीतलं पाणी बादलीत. जाळी कोणी वापरत नाही; अल्टमचे पंख जाळीत अडकले तर काटे मोडतात.

अताबापोचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. पांढऱ्या वाळूतून आणि कुजणाऱ्या पाल्यातून झिरपलेलं, पीएच ४-५ च्या आसपास, क्षार जवळजवळ नाहीतच. पुण्यात, माझ्या घरच्या टाकीत, ते घडवावं लागतं. धरणाचं पाणी तसं हलकं, पण सोसायटीत टँकर येऊन गेला की टीडीएसचं मीटर एका रात्रीत उडी मारतं, म्हणून सरळ आरओ. आरओनं फेकलेल्या पाण्यात घरातल्या फरशा आणि गाड्या धुतल्या जातात. या छंदाला घरात मिळणारी मान्यता बरीचशी त्या बादल्यांवर अवलंबून आहे. आणि मग पानं. देशी बदामाची पानं थंडी सरताना लाल होऊन गळतात. ती धुऊन, वाळवून टाकीत सोडली की टॅनिन आणि ह्युमिक आम्लं उतरतात, पाणी तांबूस होतं, बुरशी आणि जिवाणूंना थोडा आळा बसतो. रस्त्याकडेची पानं घेत नाही, त्यांच्यावर धूर आणि धूळ बसलेली असते. मैदानाच्या आतल्या बाजूची घ्यायची. आपल्याकडे झाडून ढिगात लोटली जाणारी ही पानं युरोपात दहा-दहाच्या पाकिटात विकली जातात, हे एकदा आमच्या सोसायटीच्या माळीकाकांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

अशा पाण्यात एक अडचण असते. फिल्टरमधले जे जिवाणू अमोनिया पचवतात, ते इतक्या आम्ल पाण्यात मंदावतात. अमोनियम साचत राहतं, आणि त्रास होत नाही म्हणून दिसतही नाही. अशा टाकीत कोणी उत्साहानं बादलीभर नळाचं पाणी ओतलं की पिशवीची गाठ सुटल्यावर जे होतं तेच पूर्ण टाकीत होतं. म्हणून पाणी थोडं थोडं आणि वारंवार बदलायचं, आणि बदलायचं पाणीही टाकीसारखंच असायला हवं.

पहिला महिना मासे कोणालाही दाखवायचे नाहीत. टाकीच्या तिन्ही बाजूंना वर्तमानपत्र, समोरून मंद उजेड. विष्ठेवर नजर ठेवायची: पांढरी, दोऱ्यासारखी आली तर आतड्यात एकपेशीय परजीवी असण्याचा संशय, आणि औषध मेट्रोनिडाझोल, माणसाला आवेवर देतात तेच. गुदद्वारातून लालसर केस डोकावताना दिसले तर कॅमॅलॅनस जंत. त्यावर लेव्हामिसोल, शेळ्या-कोंबड्यांच्या जंतांचं औषध, पशुवैद्यकीय दुकानात मिळतं. “किती शेळ्या आहेत?” असं दुकानदारानं विचारलं की मी मोघम काहीतरी सांगतो. खरं सांगितलं तर रांग खोळंबते.

खाणं हा वेगळा घोर. नदीतला मासा सुक्या दाण्याला अन्न समजतच नाही. दाणा समोरून जातो, त्याचा डोळाही हलत नाही. हलणारं काही हवं. डासांच्या अळ्या उत्तम, पण गच्चीवर पाण्याचा टब भरून ठेवायचा आणि डेंगीच्या तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्यांना हे माशांसाठी आहे असं समजावायचं, हे जमण्यासारखं नाही. म्हणून आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात घालून दीडेक दिवसात निघणारी नारिंगी पिल्लं. ती ड्रॉपरनं सोडली की पहिले काही क्षण काही होत नाही. मग एक मासा किंचित पुढे झुकतो, दोन्ही डोळे एका ठिपक्यावर जुळवतो आणि टिपतो. त्याच्यामागून दुसरा. यांना एकेकटं ठेवलं तर खात नाहीत, घोळका लागतो.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे: आयातीचा परवाना, निघालेल्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र, विलगीकरण. हौशी लोक त्यावर कुरकुर करतात. मी करत नाही. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात भरून येणारा, जाळी फाडणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि तो शोभेच्या टाक्यांच्या वाटेनंच देशात आला. केरळात २०१८ च्या महापुरानंतर नद्यांमध्ये दक्षिण अमेरिकेतलेच अरापाइमा मासे सापडले. कंटाळा आला म्हणून मासा ओढ्यात सोडणाऱ्याला पुण्य लागत नाही.

मग नदीतून मासा काढावाच का? याचं एकच उत्तर नसतं. ब्राझीलमधल्या रिओ निग्रोवरच्या बार्सेलोस गावात कार्डिनल टेट्रा पकडण्यावर कुटुंबंच्या कुटुंबं जगली. पूर ओसरताना उथळ डबक्यांत अडकून हा मासा असाही प्रचंड संख्येनं मरतो, त्यामुळे जाळ्यानं त्याचं फारसं बिघडत नाही. उलट माशाला भाव असेल तर माणसं जंगल तोडायला किंवा सोनं उपसायला जात नाहीत. मत्स्यशास्त्रज्ञ लॅबिश चाओ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेला ‘प्रोजेक्ट पियाबा’ हेच सांगत आला. तिथे घाव घातला तो आशियात आणि युरोपात शेततळ्यांवर-टाक्यांत पैदा केलेल्या स्वस्त कार्डिनलनं. शिंगू नदीचा काळा-पांढरा झेब्रा प्लेको मात्र याच्या नेमका उलट. तो जिथे राहतो त्या वळणाचं पाणी बेलो मोंते धरणानं वळवलं, ब्राझीलनं निर्यात त्याआधीच बंद केली होती, तरी तस्करी चालू राहिली. २०२२ मध्ये त्याला वन्यजीव व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावं लागलं. त्या माशाची टाकीत चांगली वीण होते. अशा वेळी नदीतला मागणाऱ्याला मी हौशी म्हणत नाही.

आपल्याकडचा हिशेब याहून जवळचा आहे. लाल पट्ट्याची ‘मिस केरळ’ ही मासळी १९९७ च्या सिंगापूरच्या प्रदर्शनात झळकली आणि पश्चिम घाटातल्या ओढ्यांतून तिचा उपसा सुरू झाला. २०१३ मध्ये मत्स्य-अभ्यासक राजीव राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी निर्यातीच्या नोंदी तपासल्या: २००५ ते २०१२ या काळात धोक्यात आलेल्या तीस जातींचे पंधरा लाखांहून अधिक मासे देशाबाहेर गेले होते. त्यात ठळक नाव होतं बोटिया स्ट्रायटा, झेब्रा लोच. कृष्णेच्या खोऱ्यातल्या वरच्या ओढ्यांतला, बोटभर लांबीचा, अंगावर बारीक रेघांचं जाळं असलेला मासा. जर्मनीतला कोणी त्याच्यासाठी गोटे मांडून, जोरदार प्रवाह सोडून सह्याद्रीचा ओढा उभा करत असेल, जसा मी इथे अताबापो उभा करतो.

तो पुण्यातल्या दुकानांतही असतो. गोगलगाई खातो म्हणून खपतो, अल्टमच्या तुलनेत चिल्लर भावात. कुठून आला, असं मी विचारतो. “चेन्नईचा माल.” त्यापुढे कोणत्या नदीचा, पकडलेला की पैदास केलेला, हे दुकानदाराला माहीत नसतं आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. माझ्याकडे जे आहेत ते एका ओळखीच्यानं टाकी मोडताना दिलेले. त्यांना आरओ लागत नाही, बदामाची पानंही नाहीत. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडवलं की झालं. खडकवासल्याचं पाणी मुठेतून, भीमेतून शेवटी कृष्णेलाच जातं.