शाळेत असतानाच कॉलेजचा तास!

बारावी झाली की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची कितीतरी मुलं शिकायला मुंबई-पुण्याची गाडी धरतात. फी, खोलीभाडं, खानावळ... घरच्यांचा जीव मेटाकुटीला येतो. आणि तिथं गेल्यावर कळलं, 'हा विषय आपला नव्हेच', तर?

मग आधीच चव घेऊन बघा ना! सात आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीनं २००३ साली 'एनपीटेल' हा उपक्रम सुरू केला. २०१७ पासून 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावर असे कॉलेजचे अभ्यासक्रम इंटरनेटवरून घरबसल्या शिकता येतात. व्याख्यानं फुकट, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी.

फायदा काय? आपली आवड पारखता येते. पुढे कॉलेजात तोच विषय ओळखीचा वाटतो. आणि कुणी मागे न लागता अभ्यास करायची सवय लागते. बरीच व्याख्यानं इंग्रजीत असतात, तेव्हा शब्दकोश जवळ ठेवा. अडलं तर सरांना, बाईंना विचारा.

मात्र शाळेचा अभ्यास आधी हं! सुट्टीत एकच विषय निवडा. नाही आवडला, तरी बिघडलं काय? ते घरीच कळलं, हेही थोडं नाही. दर्यात होडी लोटण्याआधी खाडीत वल्हं मारून बघावं!