न पिणाऱ्यांचे मंडळ

आपल्याकडे मंडळांना तोटा नाही. गणपतीचे मंडळ आहे, भजनी मंडळ आहे, भिशीचे मंडळ आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या, १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ नाटकात तर तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’सुद्धा आहे. पण पिणाऱ्यांनीच न पिण्यासाठी चालविलेले मंडळ असते, आणि ते आपल्या घरापासून दहा मिनिटांवर भरते, हे आम्हाला कळले ते माझ्या धाकट्या दिरांमुळे.

भावजी स्वभावाने लाख माणूस. नोकरी चांगली, मुलांवर जीव. पण संध्याकाळ झाली की पाय घराकडे वळेनात. माझ्या जावेने नवस केले, मुलांच्या शपथा घातल्या, बाटल्या मोरीत ओतल्या. अखेर डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “हा आजार आहे. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी घरच्या घरी सोडू नये. झटके येतात, भ्रम होतो. प्रसंगी जिवावर बेतते.” भावजींना काही दिवस इस्पितळात ठेवले. निघताना डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. “शरीरातली दारू आम्ही उतरवली. पुन्हा चढू नये म्हणून इथे जात जा.”

पत्ता अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेचा होता. सगळे त्याला ‘एए’ म्हणतात. भावजी दोन दिवस घुटमळले.

“वहिनी, तिथे कोणी ओळखीचे निघाले तर?”

“निघालेच, तर भावजी, तेही त्याच कामाला आलेले असणार!”

या सभा दोन प्रकारच्या असतात. बंद सभा फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी; खुल्या सभेला घरची माणसेही बसू शकतात. आम्ही दोघी जावा खुल्या सभेला गेलो. शाळेचा एक वर्ग, मुलांचे बाक, कोपऱ्यात चहाची किटली. निवृत्त कारकून होते, रिक्षावाले होते, एक कॉलेजातला मुलगा होता, एक बाईही होत्या. जो उभा राही तो फक्त पहिले नाव सांगे आणि म्हणे, “मी मद्यपी आहे.” आडनाव नाही, हुद्दा नाही. मग स्वतःची हकीकत. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करीत नाही. अठरा वर्षे न प्यालेले एक गृहस्थ म्हणाले, “मी आजचा दिवस प्यालो नाही. उद्याचे उद्या.” शेवटी खर्चासाठी थैली फिरली. मी पाकीट उघडले, तर शेजारचे हळूच म्हणाले, “ताई, तुमचे नको. आमचे आम्ही भागवतो.” बाहेरची मदत घ्यायची नाही, हा त्यांचा नियमच आहे. सभासद व्हायला वर्गणी नाही. पिणे थांबविण्याची इच्छा एवढीच अट.

ही चळवळ १९३५ च्या जून महिन्यात अमेरिकेत ॲक्रन गावी सुरू झाली. शेअरबाजारातले बिल विल्सन आणि शस्त्रवैद्य बॉब स्मिथ, दोघेही दारूने पोळलेले. एकमेकांशी बोलत राहिल्याने पिणे टळते, हे त्यांच्या ध्यानात आले. भारतात ती १९५७ च्या सुमारास आली. याने खरेच गुण येतो का, असे कोणी विचारील. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ही वाट इतर मान्य उपचारांच्या तोडीची, पुष्कळदा सरस, असे त्यात दिसले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी काढलेल्या मुक्तांगणातही उपचारानंतरच्या पाठपुराव्याला मोठे स्थान आहे.

आमचे सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. चौथ्या महिन्यात एका लग्नात भावजी प्याले. घरात पुन्हा तीच अवकळा. दुसऱ्या दिवशी ते खाली मान घालून सभेला गेले. कोणी रागावले नाही. “परत आलात, बरे केलेत,” एवढेच म्हणाले. त्याच आठवड्यात जाऊ ‘अल-ॲनॉन’ला जाऊ लागली. १९५१ पासून चाललेली ही संघटना मद्यपींच्या घरच्यांसाठी आहे. तिथून आल्यावर ती मला म्हणाली, “ताई, हे माझ्यामुळे झाले नाही, आणि माझ्या रडण्याने थांबणारही नाही, हे मला आज कोणीतरी सांगितले.” त्या रात्री कित्येक दिवसांनी ती शांत झोपली.

वाचकहो, तुमच्या घरी असे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना गाठा. मग एएच्या संकेतस्थळावर आपल्या भागातील सभा पाहा, किंवा १४४४६ या सरकारी मोफत क्रमांकावर विचारा. पहिल्या खेपेला कोणी सोबत जावे. एक गट मनाला पटला नाही तर दुसऱ्यात बसून पाहावे. वार वेगळे असतात, माणसेही वेगळी असतात.

आता भावजींना चौदा महिने झाले, असे आम्ही मोजतो. ते स्वतः ‘आजचा दिवस’ एवढेच म्हणतात. या दिवाळीत तुमच्याकडे आलेला एखादा पाहुणा पेल्याला नको म्हणाला, तर कारण विचारू नका, आग्रह करू नका. त्याच्यापुढे चकलीची बशी आणि गरम कॉफी ठेवा. तेवढ्याने त्याचा एक दिवस पार पडेल.